रोहित : चिखलावर जगणारा पक्षी

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त चेन्नई येथील माजी विद्यार्थी व मराठी कुटुंबे यांच्या स्नेहमेळाव्यात मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



निमंत्रणाच्या पत्रात तुम्ही एक प्रेमळ अट घातली होती. शाळेचा इतिहास आम्ही स्मरणिकेत वाचूच, व्याख्यान मात्र आमच्या मुलांनाही बसून ऐकावेसे वाटेल अशा विषयावर द्या, असे तुम्ही लिहिले होते. तुमची मुले तमिळ बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि घरी मराठी ऐकतात. त्यांच्या शहराला आणि आमच्या शाळेला समान असे काय आहे, याचा विचार करता मला एक पक्षी आठवला. आपली शाळा ठाणे खाडीच्या काठावरची. हिवाळ्यात तिच्या गच्चीवरून ओहोटीच्या चिखलावर गुलाबी रेघ दिसते, ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तुमच्यातील जे वयाने वडील आहेत, त्यांच्या शाळकरी दिवसांत ती रेघ नव्हती. ठाणे खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकापासून. येथे, चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवरावर, ते त्याच्या कितीतरी आधीपासून येत आहेत. फ्लेमिंगो हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. मराठीत त्याला रोहित म्हणतात.

मी मराठीची शिक्षिका, पक्षिशास्त्राची नव्हे. म्हणून नावापासून आरंभ करते. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. त्याच शब्दाशी नाते सांगणारी रोहिणी आकाशात आहे, आणि ती ताराही तांबूसच आहे. या पक्ष्याचे दुसरे मराठी नाव अग्निपंख. हे नाव उच्चारताच आमची मुले डॉ. अब्दुल कलामांचे नाव घेतात, कारण त्यांच्या आत्मचरित्राच्या मराठी अनुवादाचे तेच शीर्षक आहे. यात एक योगायोग दडलेला आहे, तो या शहरात सांगावासा वाटतो. कलामांच्या नेतृत्वाखालील एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाने १८ जुलै १९८० रोजी ज्या श्रीहरिकोटा बेटावरून उड्डाण केले, तेच बेट पुलिकत सरोवराला बंगालच्या उपसागरापासून वेगळे करते. त्या दिवशी कक्षेत गेलेल्या उपग्रहाचे नाव होते रोहिणी. अग्निबाणांच्या तळाकडे जाणारा रस्ता सरोवर ओलांडून जातो, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिवाळ्यात रोहित चरत असतात. तमिळ भाषेने या पक्ष्याला पूनारै म्हटले आहे. पू म्हणजे फूल आणि नारै म्हणजे बगळा-करकोच्याच्या जातीचा लांब पायांचा पक्षी. आपण त्याला अग्नी म्हणालो, यांनी फूल म्हटले. दोन्हींत मला तमिळ नाव अधिक आवडते, हे आधीच सांगून टाकते.

पुलिकत हे चिलिकानंतरचे आपल्या देशातील सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे सरोवर. त्याचा फार मोठा भाग आंध्र प्रदेशात आणि दक्षिणेकडचा थोडा भाग तमिळनाडूत आहे. ओहोटीला ते सुमारे २५० चौरस किलोमीटर असते आणि भरतीला सुमारे ४५०. या दोन आकड्यांमधला जो प्रदेश, जो कधी पाणी असतो आणि कधी जमीन, तोच रोहिताचे ताट आहे. अरणी, कालंगी, स्वर्णमुखी या नद्या गोडे पाणी आणतात. समुद्राच्या मुखातून खारे पाणी येते. ईशान्य मोसमी पावसात सरोवर जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्राहूनही खारट. मासा असो, कोळंबी असो वा शेवाळ, येथे टिकायचे तर हा फेर सोसावा लागतो. रोहिताच्या डोक्यात डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातले जास्तीचे मीठ त्या वेगळे करतात आणि ते नाकपुड्यांवाटे बाहेर पडते. जे पाणी इतर बहुतेक पक्ष्यांना पिववत नाही, ते याला चालते.

जगात रोहिताच्या सहा जाती आहेत. भारतात दोन दिसतात. मोठा रोहित उभा राहिला तर चार-पाच फूट भरतो, पांढुरका, फिकट गुलाबी. छोटा रोहित तीन फुटांच्या आत-बाहेर, रंगाने गडद. पुलिकतला आणि पळ्ळिकरणैला तुम्ही पाहता तो मुख्यतः मोठा, तर आमच्या ठाणे खाडीत बहुसंख्य छोटे. दोघे एकाच पाण्यात उभे राहू शकतात आणि तरीही भांडत नाहीत, कारण त्यांच्या चोचीतल्या चाळण्यांची भोके वेगळी आहेत. मोठ्याची चाळणी जाड : तिच्यात झिंग्यांसारखे बारीक जीव, किड्यांच्या अळ्या, इवल्या शिंपल्या, बिया अडकतात. छोट्याची इतकी बारीक की डोळ्यांना न दिसणारे नीलहरित शैवाल तिच्यात गाळले जाते.

ही चोच म्हणजे एक नवलच आहे. बहुतेक पक्ष्यांची वरची चोच मोठी आणि खालची तिला मिळतीजुळती. रोहिताची खालची चोच खोलगट होडीसारखी मोठी, आणि वरची तिच्यावरच्या झाकणासारखी. कारण उघड आहे. हा पक्षी मान खाली घालून, डोके उलटे करून जेवतो. तेव्हा वरचे खाली आणि खालचे वर होते. जाड, मांसल जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि कडांवरच्या केसाळ पट्ट्यांतून बाहेर ढकलते. अन्न आत राहते. रोमन मेजवान्यांत या जिभांचे पक्वान्न करीत, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. मी ती वर्गात एकदाच सांगितली, कारण पुढच्या तासाला डबा कोणी उघडेना. पायांनी चिखल तुडवून अन्न वर आणायची त्याची रीत जुन्या निरीक्षकांना ठाऊक होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की तो डोके झटक्याने वर ओढून आणि चोच भराभर वाजवून पाण्यात छोटे भोवरेच निर्माण करतो, आणि पळू पाहणारे जीव त्या भोवऱ्यांत ओढले जातात. गाळणारा पक्षी हे वर्णन त्यामुळे अपुरे ठरले. तो शिकारही करतो.

एका पायावर उभे राहण्याविषयी मुले नेहमी विचारतात. प्रथम एक दुरुस्ती. त्याच्या पायाच्या मध्यावर मागे वाकलेला जो सांधा दिसतो आणि ज्याला आपण गुडघा समजतो, तो त्याचा घोटा आहे. गुडघा वर, पिसांत झाकलेला. २०१७ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की मृत रोहितही एका पायावर योग्य कोनात ठेवला तर तोलून उभा राहतो, दोन पायांवर नाही. म्हणजे एका पायावर उभे राहण्यात त्याच्या स्नायूंना जवळजवळ काम पडत नाही. आमच्याकडे शिक्षा म्हणून मुलांना पूर्वी एका पायावर उभे करीत. रोहितासाठी ती विश्रांती आहे.

आता रंगाकडे येते, कारण सारी गोष्ट त्यापाशीच आहे. पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारले होते, “बाई, चिखल खाऊन गुलाबी कसं होता येईल?” प्रश्न अगदी नेमका होता. पिल्लू अंड्यातून बाहेर येते ते करड्या-पांढऱ्या लवेचे, सरळ चोचीचे. चोचीला बाक नंतर येतो आणि गुलाबी व्हायला तर दोन-तीन वर्षे, क्वचित अधिकही लागतात. तो रंग पक्ष्याच्या शरीरात तयार होत नाही. गाजराला जो नारिंगी देतो त्याच कुळातील रंगद्रव्य शैवालात असते. शैवाल खाणाऱ्या बारीक जिवांत ते उतरते, आणि तेथून रोहिताच्या पिसांत, पायांत, चोचीत. पूर्वी प्राणिसंग्रहालयांतले रोहित काही काळाने फिके पडत. खाद्यात हे द्रव्य मिसळायला लागल्यावर ते पुन्हा रंगले. इतकेच नव्हे, विणीच्या हंगामात मोठे रोहित शेपटीजवळच्या ग्रंथीतला रंगीत स्राव पिसांना चोळतात, हेही अभ्यासकांनी नोंदले आहे. प्रसाधनाची कला आपलीच, असे समजायचे कारण नाही.

आणि हा रंग ते मुलांना देतात. नर आणि मादी दोघांच्याही अन्ननलिकेत एक पौष्टिक रस तयार होतो, त्याला दूधच म्हणतात. त्याचा रंग तांबडा असतो, कारण त्यात तेच द्रव्य असते. पिलाची चोच गाळण्याइतकी तयार होईपर्यंत ते या दुधावर वाढते. त्या काळात आईबाप फिके पडतात, पार पांढुरके होतात. जोडी एका हंगामात अंडे एकच घालते. घरटे म्हणजे चिखलाचा फूटभर उंचीचा, वर खळगा असलेला बुरूज. सुमारे महिनाभर दोघे आळीपाळीने अंडे उबवतात. पिल्ले काही दिवसांची झाली की त्यांचे मोठमोठे घोळके होतात आणि मोजकी प्रौढ मंडळी त्यांवर लक्ष ठेवतात. शेकडो करड्या पिलांतून आपले पिल्लू आईबाप आवाजावरून ओळखतात. बालवाडीच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “आम्हालाही तेच करावं लागतं.”

हे सारे मुख्यतः घडते कच्छच्या मोठ्या रणात. १९४५ मध्ये डॉ. सालिम अली तेथे गेले, तेव्हा त्यांनी त्या वसाहतीतील पक्ष्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरात केला होता. पण ही वसाहत दरवर्षी भरत नाही. पाऊस पुरेसा झाला, रणात उथळ पाणी साचले आणि घरट्यांच्या भोवती इतके टिकले की कोल्हा-कुत्रा तेथवर पोचू नये, तरच. पाणी कमी पडले तर घरटी उघडी पडतात, जास्त झाले तर बुडतात. एक अंडे, आणि तेही लहरी पावसाच्या भरवशावर. मग ही जात टिकली कशी? दीर्घ आयुष्यामुळे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयातला एक मोठा रोहित २०१४ मध्ये वारला, तेव्हा तो किमान ८३ वर्षांचा होता. रानात आयुष्य इतके लाभत नाही, पण काही दशके लाभतात. चार हंगाम वाया गेले तरी पाचवा साधता येतो. मात्र त्या प्रत्येक वर्षी त्याला कोठेतरी पोटभर जेवता आले पाहिजे. रण त्याचे माहेर म्हणा. संसार चालतो तो ठाणे खाडी, उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण, पुलिकत, पळ्ळिकरणै, कोडियक्करै अशा ठिकाणी.

येथवर मुलांसाठी बोलले. आता मोठ्यांशी थोडे बोलते.

तुमच्यापैकी अनेक जण जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरच्या कचेऱ्यांत काम करतात. त्या इमारतींच्या मागे पळ्ळिकरणैची दलदल आहे. १९६० च्या दशकात ती सुमारे ५,५०० हेक्टर होती असे सांगतात. आज रामसर यादीत नोंदलेले क्षेत्र सुमारे १,२४७ हेक्टर आहे. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी याच खोलगट भागात उतरायचे आणि ओक्कियम मडुवु या प्रवाहातून हळूहळू समुद्राकडे जायचे. तेथे रस्ते आले, संस्था आल्या, वसाहती आल्या आणि पेरुंगुडीला अनेक दशके शहराचा कचरा येऊन पडला. २०१५ च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात तुमच्या तळमजल्यांत जे पाणी शिरले, ते आपल्या जुन्या जागी बसायला आले होते. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल, म्हणून हे निराळे समजावून सांगायला नको.

असे का होते, याचे एक उत्तर मला शब्दांत सापडते. तमिळमध्ये एक शब्द आहे, पोरम्बोक्कु. महसुलाच्या दप्तरात त्याचा अर्थ सारा न आकारलेली, सर्वांच्या वापराची जमीन : तळी, ओढे, गुरचरण, दलदल. आज तो शब्द शिवी म्हणून वापरतात. ज्याची किंमत नाही असा माणूस. आपल्या मराठीची गत वेगळी नाही. कोकणात भरतीचे पाणी चढते-उतरते त्या जमिनीला खाजण म्हणतात. माझ्या आजोळी खाजण म्हटले की चिंबोऱ्या, निवट्या, तिसऱ्या, मिठागर आणि तिवरांचे सरपण डोळ्यांपुढे यायचे. आता वर्तमानपत्रांत त्याच जागेला ‘पडीक जमीन’ म्हणतात, आणि एकदा पडीक म्हटले की भराव घालायला मन मोकळे होते. मी भाषा शिकवते, म्हणून मला हे अधिक खुपत असेल. निबंधात ‘घाणेरडा चिखल’ असे शब्द आले की हल्ली मी समासात प्रश्नचिन्ह काढते.

२०२२ हे वर्ष या दोन्ही ठिकाणांसाठी महत्त्वाचे ठरले. पळ्ळिकरणैला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याची घोषणा जुलै महिन्यात झाली, आणि ठाणे खाडीची ऑगस्टमध्ये. ठाणे खाडीत २०१५ पासून १,६९० हेक्टरांचे रोहित अभयारण्य आहे. रामसर क्षेत्र ६,५२१ हेक्टर. आकडे समाधान देतात. तरी मला दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली अशी की पक्षी वाढले म्हणजे खाडी शुद्ध झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ठाणे खाडीत रोहितांची संख्या लाखावर गेली यामागे, अभ्यासकांच्या मते, शहराचे सांडपाणीही आहे. त्यातल्या पोषकद्रव्यांवर शैवाल माजते आणि छोट्या रोहिताला मेजवानी मिळते. त्याच खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळी बांधवांना विचारा. मासळी घटली, असेच ते सांगतील. एकाचे ताट भरले म्हणून दुसऱ्याचे रिकामे झालेले दिसू नये, असे होऊ नये. पुलिकतच्या मच्छीमारांचीही आपली एक जुनी व्यवस्था आहे, पाडु नावाची. सरोवरातल्या कोळंबीच्या जागा चिठ्ठ्या टाकून, पाळीपाळीने वाटून घेतात. पण सरोवराचे मुख वाळूने बुजले की समुद्राचे पाणी येत नाही, कोळंबी येत नाही, आणि मग पाळी कोणाची याला अर्थ उरत नाही. रोहितांसाठी सरोवर वाचवू पाहणाऱ्यांनी त्या मुखाचाही विचार करायला हवा. पक्षी आणि मच्छीमार यांना समोरासमोर उभे करून कोणाचेच भले होणार नाही.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तीच अधिक दुर्लक्षिली जाते. रोहित ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलावर चरतो. भरती आली की चिखल बुडतो, विशेषतः उधाणाच्या भरतीला. मग हजारो पक्षी उठून जवळच्या तळ्यांत, पाणथळीत जाऊन उभे राहतात. नकाशावर खाडी राखली आणि ती तळी भरून टाकली, तर दिवसातून दोनदा हे पक्षी जायचे कोठे? नवी मुंबईत नेरुळच्या एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तळे कोरडे पडू लागले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथून पक्षी मेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून तीसहून अधिक रोहित मेले. या दोन घटनांचा संबंध जोडण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही, आणि मी तो जोडत नाही. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या प्रयोगवहीत मात्र आता भरती-ओहोटीच्या वेळांचा एक तक्ता असतो, आणि त्याच्या शेजारी रकाना : पक्षी कोठे होते. आठवीच्या मुलांनी भरलेल्या त्या वह्या मी सोबत आणल्या आहेत. चहाच्या वेळी जरूर पाहा. चुका त्यांत असतील, पण खाडी आहे.

येथे तंजावरच्या परंपरेतली काही कुटुंबे बसली आहेत, ज्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या काळात या प्रांतात आले. त्यांचे मराठी ऐकताना मला कालपासून मौज वाटते आहे. आमच्याकडे लोपलेले कितीतरी शब्द त्यांच्यापाशी आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. चिखल, दलदल, खाडी यांना तुमच्या घरी जे जुने शब्द असतील, ते मला लिहून द्या. शाळेच्या वाचनालयात त्यांची वेगळी वही करण्याचा विचार आहे.

उद्या पहाटे साडेपाचला आपली बस सुल्लुरुपेट्याच्या दिशेने निघेल. श्रीहरिकोट्याच्या रस्त्यावर उतरल्यावर कोणीही पाण्यात उतरायचे नाही, टाळ्या वाजवून थवा उडवायचा नाही. उडालेल्या थव्याचे छायाचित्र सुंदर येते, हे मला मान्य आहे. पण त्या उड्डाणाची किंमत तो पक्षी आपल्या चरबीतून मोजतो. दुर्बिणी चारच आहेत, त्या आळीपाळीने घ्या. आणि मुलांनो, गुलाबी पक्षी मोजू नका, ते सगळेच मोजतात. त्यांच्यात करडे, मळक्या चोचीचे किती आहेत ते मोजा. शंभरात किती, तेवढे वहीत लिहा. ती गेल्या एक-दोन पावसाळ्यांतली पिल्ले आहेत, आणि दूरच्या रणात पाणी टिकले होते की नाही, हे त्यांच्या संख्येवरून आपल्याला येथे बसून थोडेफार कळू शकेल.